सोलापूरच्या अंगणात बागेचे दिवे: जागा, निवड आणि जोडणी

बागेतला दिवा बंद पडला की दोष पावसाला दिला जातो. सोलापुरात पाऊस बेताचाच. इथले दिवे मरतात ते वेगळ्याच कारणांनी. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवं तेवढं व्होल्टेज देणारा डबा, भाजून निघतो, काळी माती फुगते-आकसते आणि जमिनीतले जोड ओढून काढते, बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर काचेवर आणि स्क्रूंवर चढतो. त्यामुळे दुकानातला देखणा दिवा बघून सुरुवात करू नका. केबल, जोड आणि ड्रायव्हर यांवर आधी पैसे ठेवा, उरलेल्यात दिवे घ्या. दिवे कमी झाले तरी बिघडत नाही. बहुतेक बागांत ते गरजेपेक्षा जास्तच असतात.

पुढचा हिशेब जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला असतो तशा बंगल्याचा धरला आहे: समोर तीस बाय पंधरा फुटांचं अंगण, गेटपासून पोर्चपर्यंत शहाबादी फरशीची वाट, एक कडुलिंब, तुळशी वृंदावन आणि कंपाउंडवर बोगनवेल. तुमची बाग लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

१. आधी अंधारात टॉर्च घेऊन फिरा

आठनंतर घरातले दिवे मालवून अंगणात उतरा. पाय कुठे अडखळतो, गेटचं कुलूप दिसतं का, रस्त्यावरच्या खांबाचा उजेड कुठपर्यंत येतो, हे कागदावर मांडा. खांबाचा उजेड जिथे आधीच पडतो तिथे दिवा घालायची गरज नाही.

मग दोन टॉर्च घ्या. एक झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर ठेवून वर रोखा, दुसरा भिंतीशी. पोर्चमधल्या खुर्चीत बसून बघा, हॉलच्या खिडकीतून बघा, गेटबाहेर उभं राहून बघा. यातल्या एका जरी जागेवरून टॉर्चचं तोंड थेट डोळ्यांत येत असेल, तर जागा चुकली. खड्डा खणण्याआधीच हे कळतं आणि फुकट कळतं.

एक गोष्ट खास आपल्याकडची. उन्हाळ्यात अजूनही पुष्कळ घरांतली माणसं गच्चीवर झोपतात. तुमचा फ्लड लाइट शेजारच्या गच्चीवर पडला तर भांडण ठरलेलंच. टॉर्चची चाचणी करताना शेजाऱ्यांच्या गच्चीकडेही नजर टाका.

२. कुठे, किती, किती उंचीवर

गेट: दोन्ही खांबांवर पाच-पाच वॅटचे दोन दिवे, जमिनीपासून सहा ते सात फुटांवर, उजेड खाली टाकणारे. चारही बाजूंनी पांढरा गोळा असलेला दिवा दिसतो छान, पण अर्धा उजेड आकाशात जातो आणि उरलेला गाडी आत घेणाऱ्याच्या डोळ्यांत. कुलूप, घंटा आणि घराचा नंबर यांवर उजेड पडला म्हणजे गेटचं काम झालं.

वाट: दीड ते दोन फूट उंचीचे बोलार्ड, म्हणजे खुंटासारखे उभे दिवे, तीन वॅटचे, सहा ते आठ फुटांवर, आणि एकाच रांगेत न लावता आलटून-पालटून दोन्ही बाजूंना. एका रांगेत लावले की वाट विमानतळाच्या धावपट्टीसारखी दिसते. तीस फुटांच्या वाटेला चार पुरतात. डोक्यावर टोपी असलेला, म्हणजे एलईडी डोळ्यांना थेट न दिसणारा नमुना निवडा. पायऱ्या असतील तर मात्र काटकसर नको. प्रत्येक पायरीची कड दिसली पाहिजे, त्यासाठी बाजूच्या भिंतीत एक-दीड वॅटचे फूट लाइट बसवा.

कडुलिंब: मोठ्या बुंध्याच्या झाडाला एकच दिवा दिला तर एक बाजू लख्ख आणि दुसरी काळी राहते, झाड सपाट दिसतं. पाच-पाच वॅटचे दोन स्पॉट, बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर, एकमेकांपासून चतुर्थांश वर्तुळाइतक्या अंतरावर ठेवा. झोताचा कोन २४ ते ३६ अंश. दोन्ही दिवे बसायच्या जागेच्या बाजूला असावेत आणि त्यांचं तोंड तुमच्यापासून पलीकडे, झाडाकडे. पलीकडून आपल्याकडे रोखलेला दिवा झाड दाखवत नाही, फक्त डोळे दिपवतो. नारळ किंवा पाम असेल तर १५ अंशांचा अरुंद झोत घ्या. शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशा लहान झाडांना दिवाच नको, वाटेचा उजेड त्यांना पुरतो.

भिंत आणि बोगनवेल: भिंत दगडी किंवा खडबडीत असेल तर दिवा तिच्यापासून सहा-आठ इंचांवर ठेवा, पोत उठून दिसतो. गिलावा केलेल्या भिंतीला तेच केलं तर गवंड्याच्या हाताचे सगळे उंचवटे रात्री उघडे पडतात. तिथे दिवा दीड-दोन फूट लांब न्या. पांढऱ्या कंपाउंडवर उजेड जास्त परावर्तित होतो, तीन वॅट भरपूर.

तुळशी वृंदावन: दोन-तीन वॅटचा एक मंद दिवा, तोही कट्ट्याच्या खालच्या बाजूला. संध्याकाळी लावलेल्या दिव्याची ज्योत वेगळी दिसली पाहिजे, एवढाच उजेड ठेवा. वृंदावनाला चारही बाजूंनी रंग बदलणारी स्ट्रिप गुंडाळायची पद्धत आली आहे. ज्याची त्याची आवड, पण त्या स्ट्रिपचा गोंद सोलापूरच्या एका उन्हाळ्यात सुटतो. लावायचीच असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवून स्क्रूने आवळा.

एकूण: गेट १०, वाट १२, झाड १०, भिंत ६, तुळस ३, म्हणजे ४१ वॅट. रोज पाच तास चालवले तर दिवसाला सुमारे ०.२ युनिट, महिन्याला सहा-सव्वासहा. या भारासाठी महावितरणकडे मंजूर भार वाढवून मागायची गरज नाही.

३. डब्यावर काय वाचायचं

*केल्विन.* उजेडाचा रंग सांगणारा आकडा. २७०० ते ३००० घ्या, म्हणजे पिवळसर वॉर्म व्हाइट. दुकानदार ६५०० दाखवेल, कारण काउंटरवर तो जास्त उजळ वाटतो. बागेत त्या निळसर उजेडात पानं राखाडी दिसतात आणि किडेही जास्त येतात. पहिल्या वळवानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दिव्यांवर तुटून पडतात, तेव्हा हा फरक नीट कळतो. सगळे दिवे एकाच वेळी, एकाच कंपनीचे घ्या. अर्धे २७०० आणि अर्धे ४००० असले की बाग ठिगळ लावल्यासारखी दिसते.

*ल्युमेन.* वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, उजेड किती देतो तो आकडा ल्युमेनचा. बोलार्डला १५० ते २५०, झाडाच्या स्पॉटला ४०० ते ५००, गेटच्या दिव्याला ४०० च्या आसपास. डब्यावर ल्युमेन छापलेलेच नसतील तर तो माल बाजूला ठेवा.

*आयपी.* दिवा धूळ-पाणी किती अडवतो त्याचा दर्जा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. उघड्यावरच्या दिव्याला आयपी ६५ हवाच, पाइपने पाणी मारताना तोच तग धरतो. जमिनीत गाडलेल्या दिव्याला ६७, कारंज्यात किंवा हौदात ६८. आयपी ४४ फक्त पोर्चच्या छताखाली. आपल्याकडे धूळ एवढी की पहिला आकडा सहाच असला पाहिजे.

*बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक.* एलईडी दिवे आणि ड्रायव्हर यांवर मानक चिन्हाबरोबर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो नसेल तर सवलत कितीही असो, घेऊ नका.

*शरीर.* ओतीव ॲल्युमिनियम किंवा ३०४ स्टेनलेस. साधं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतं आणि पॉलिकार्बोनेटची काच पिवळी पडते. टफन काच मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या.

४. २३० व्होल्ट, १२ व्होल्ट की सौर?

गेटचे दिवे २३० व्होल्टवर ठेवा. ते भिंतीवर, उंचावर असतात, वायर खांबातूनच जाते. बागेतले बाकी सगळे दिवे १२ व्होल्ट डीसीवर घ्या. मातीत कुदळ चालते, मुलं ओल्या पायांनी पळतात, माळी पाइप घेऊन फिरतो. १२ व्होल्टची केबल कापली गेली तर दिवा जाईल, माणूस नाही. कारंजं असेल तर १२ व्होल्टशिवाय दुसरा विचारच करू नका.

सौर दिवे सोलापुरात उत्तम चालायला हवेत, ऊन तर फुकट आहे. पण मातीत खुपसायच्या स्वस्त सौर दिव्यात बोटाएवढी बॅटरी असते आणि उष्णतेत तीच आधी मरते. शिवाय पॅनेल दिव्याच्याच डोक्यावर, म्हणजे दिवा झाडाखाली ठेवला की पॅनेलही सावलीत. घ्यायचाच असेल तर पॅनेल वेगळं आणि दिवा वेगळा असा घ्या. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३.२ व्होल्टची असावी, ती उष्णता जास्त सोसते. पॅनेल दक्षिणेला तोंड करून साधारण २० अंश तिरपं बसवा आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. ३.७ व्होल्टच्या दिव्यात ३.२ ची बॅटरी कधीही टाकू नका. तो चार्जर तिला मर्यादेबाहेर चार्ज करतो.

५. केबल आणि काळी माती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बागेचा १२ व्होल्टचा भार ३१ वॅट, म्हणजे सुमारे २.६ अँपिअर. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने २० मीटर लांब गेलात तर, सगळा भार टोकाला धरला, तर वाटेत सुमारे १.३ व्होल्ट पडतात. शेवटच्या दिव्याला पावणेअकराच्या आतबाहेर मिळतात आणि तो मलूल दिसतो. लोक दिवा बदलतात, नवाही तसाच लागतो. २.५ चौरस मिलिमीटर घेतली तर घट साधारण ०.८ व्होल्टवर येते. अजून चांगला उपाय म्हणजे ड्रायव्हर मधोमध येईल असा बसवून दोन बाजूंना दोन फांद्या काढणं. २० मीटरपेक्षा लांब जायचं असेल तर २४ व्होल्टचे दिवे आणि २४ व्होल्टचा ड्रायव्हर घ्या. प्रवाह निम्मा होतो, घटही निम्मी होते.

आता माती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. या हालचालीत ताठ ओढलेली केबल जोडापाशी सुटते. म्हणून:

- १२ व्होल्टच्या केबलसाठी ९ ते १२ इंच खोल चर खणा. २३० व्होल्टची नेणं भाग असेल तर आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, अडीच फूट खोल, वर विटांचा थर.
- चराच्या तळाला दोन-तीन इंच वाळू, त्यावर २५ मिलिमीटरचा जाड पीव्हीसी कंड्युट (केबल घालायची नळी), वर पुन्हा वाळू, मग माती. वाळू हालचाल झेलते. कंड्युट घुशींसाठी आहे. उघडी केबल घूस कुरतडते आणि फॉल्ट नेमका कुठे आहे हे शोधायला अख्खं अंगण खणावं लागतं.
- प्रत्येक दिव्यापाशी फूटभर केबल वळसा घालून जादा ठेवा.
- जोड जमिनीत गाडू नका. ते दिव्याच्या तळात किंवा जमिनीवरच्या आयपी ६७ च्या जंक्शन बॉक्समध्ये घ्या. आयपी ६८ चे स्क्रू कनेक्टर किंवा आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक नळी वापरा. काळ्या इन्सुलेशन टेपचा डिंक मेमध्ये पातळ होऊन ओघळतो. बंद पडलेल्या बागेत जोड उघडला की बहुतेक वेळा हीच टेप हातात येते.

स्पाइक, म्हणजे मातीत खुपसायचा खिळा, काळ्या मातीत टिकत नाही. भेग पडली की दिवा कलतो, पाऊस पडला की खचतो. त्याऐवजी एक बाय एक फूट, दीड फूट खोल खड्डा घ्या, तळाला चार इंच मुरूम ठोकून बसवा, वर काँक्रीट भरून त्यात चार बोल्ट सोडा. दिवा त्यावर आवळा. काँक्रीट ओतण्याआधी कंड्युटचा बाक त्यात घालून ठेवायला गवंड्याला आठवण करा. हे विसरलं जातं आणि मग केबल पायथ्याच्या बाहेरून, उघडी येते.

माती लोटण्याआधी चराचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उघडून ठेवा. पुढच्या वर्षी झाड लावताना उपयोगी पडतील.

६. ड्रायव्हर आणि डीबी

३१ वॅटला ३५ वॅटचा ड्रायव्हर घेऊ नका. ड्रायव्हर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच चालवायचा, म्हणजे किमान ३९ वॅट. बाजारात मिळतो तो ६०, तोच घ्या. आणखी दोन दिवे जोडायलाही जागा राहते.

जागा महत्त्वाची. ड्रायव्हरवर किती तापमानापर्यंत तो चालेल हे छापलेलं असतं, अनेकांवर ४५ किंवा ५० अंश. पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या बंद पेटीत ठेवला तर आतलं तापमान मे महिन्यात हा आकडा सहज ओलांडतं. उत्तर किंवा पूर्व भिंत, पोर्चच्या स्लॅबखाली, चारी बाजूंनी दोन-दोन इंच हवा, अशी जागा द्या. आयपी ६७ चा बंद ड्रायव्हर घेतला तर पेटीची गरजच नाही.

डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत, बागेसाठी वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पडणारा स्विच) हवा. जुन्या घरात आरसीसीबी नसेल किंवा अर्थिंग नावापुरतं असेल, तर दिवे बाजूला ठेवा आणि आधी ते काम करून घ्या. काळी माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. वळवात कडकडाट होतो, लाइट ये-जा करते आणि येताना व्होल्टेज उसळतं. एक सर्ज प्रोटेक्टर बसवलात तर ड्रायव्हर वाचतो.

२३० व्होल्टच्या बाजूचं सगळं काम परवानाधारक वायरमनकडून. १२ व्होल्टची बाजू हातात कसब असेल तर स्वतः करता येते.

७. सामान

- गेटचे दिवे २, बोलार्ड ४, स्पॉट २, भिंतीचे दिवे २, तुळशीचा १
- १२ व्होल्ट ६० वॅटचा ड्रायव्हर १, आयपी ६७
- २.५ चौरस मिलिमीटर दोन कोअर तांब्याची केबल, ३५ मीटर (मोजमाप २८ आलं तरी वळसे धरा)
- २५ मिलिमीटर कंड्युट १० नळ्या, बाक आणि सोल्युशन
- जंक्शन बॉक्स ३, आयपी ६८ कनेक्टर १२
- एमसीबी, आरसीसीबी, सर्ज प्रोटेक्टर, टायमर
- वाळू, मुरूम, सिमेंट, खडी, बोल्ट
- कुदळ, फावडं, पहार, मल्टिमीटर, टेस्टर, वायर सोलायचा पक्कड

बिलावर ड्रायव्हरची वॉरंटी वेगळी लिहून घ्या. दिव्याची वॉरंटी बरेचदा त्याला लागू नसते.

८. चालू-बंद

डिसेंबरात सोलापुरात सहाच्या आतच सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. ठरावीक वेळेचा टायमर लावला तर वर्षातून तीन-चारदा बदलावा लागतो. तारखेनुसार सूर्यास्त स्वतः धरणारा टायमर थोडा महाग, पण एकदा लावून विसरता येतो. उजेडावर चालणारा सेन्सर घेतलात तर तो बागेच्याच दिव्याच्या झोतात येऊ देऊ नका. दिवा लागतो, सेन्सरला दिवस वाटतो, दिवा विझतो, आणि हे रात्रभर चालतं.

झाडाचे आणि भिंतीचे दिवे दहा-साडेदहाला बंद होऊ द्या, गेटचे हवे तर रात्रभर. झाडावर पक्षी असतात, त्यांनाही अंधार लागतो.

हालचालीवर लागणारा दिवा घेणार असाल तर हे ध्यानात घ्या: साधा पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात रात्री नऊलाही भिंत तापलेलीच असते, फरक उरत नाही आणि दिवा लागत नाही. सेन्सर खराब नाही, हिवाळ्यात तोच नीट चालेल. बाराही महिने भरवसा हवा तर मायक्रोवेव्ह सेन्सर घ्या, फक्त त्याच्यासमोर हलणारी फांदी नको.

९. बिघाड ओळखायचा कसा

सगळे दिवे एकदम गेले: आधी आरसीसीबी बघा, मग ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटर लावा. आत २३० आणि बाहेर शून्य म्हणजे ड्रायव्हर गेला. आत २३०, बाहेर १२, तरी अंधार म्हणजे पहिला जोड.

लुकलुकतात: ड्रायव्हर तापतोय किंवा त्याच्यावर भार जास्त झालाय. रात्री थंडावा आल्यावर थांबत असेल तर तापच.

पाऊस पडला की आरसीसीबी पडतो: २३० व्होल्टच्या बाजूला कुठेतरी पाणी शिरतंय, बहुधा गेटच्या दिव्यात. वायर वरून आत घेतली असेल तर पाणी तिच्यावरूनच घरंगळत येतं. वायर नेहमी खालून आत घ्या. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे, तसं सुचवणाऱ्या वायरमनला पुन्हा बोलावू नका.

काचेत वाफ धरते: गॅस्केट, म्हणजे काचेखालची रबरी पट्टी, दबलेलं नाही. कोरड्या दुपारी उघडून सुकवा, गॅस्केट बदला, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

उजेड हळूहळू कमी झाला: बोअरच्या पाण्याचा थर. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचं फडकं दहा मिनिटं काचेवर ठेवा, मग पुसा. घासणीने खरवडू नका, ॲल्युमिनियमचा रंगही त्यासोबत निघतो. दिव्यांवर पाणी उडणार नाही असा फवारा फिरवा, किंवा त्या पट्ट्यात ठिबक टाका.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मृगाच्या आधी, म्हणजे मेअखेरीस, सगळे जंक्शन बॉक्स उघडून बघा. त्यात मुंग्यांनी घर केलेलं असतं. ब्रशने झाडा, केबल जिथून आत येते ते ग्लँड आवळा आणि झाकण लावा.